वाळूचा दगड होतो. काळ्या मातीचे काय?

प्रश्न : आमच्या भागात खोल काळी माती असून दर उन्हाळ्यात घरांच्या भिंतींना तडे जातात. सिमेंटऐवजी जिवाणू सोडून जमीन घट्ट करण्याची पर्यावरणपूरक पद्धत निघाल्याचे वाचले. घराच्या पायासाठी ती वापरता येईल का? – एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या जमिनीसाठी ही पद्धत उपयोगाची नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, तिच्यामागे खर्च करू नये. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा मातीतला जिवाणू युरिएज या विकराच्या साहाय्याने युरियाचे विघटन करतो, त्यातून कार्बोनेट तयार होते आणि सोबत कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण सोडलेले असेल तर त्याचे कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलेच खनिज, बनते. दोन वाळूकण जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्यात हे स्फटिक धरतात. त्यामुळे सुटी वाळू बांधली जाते आणि तरीही कणांमधून पाणी झिरपत राहते. नेदरलँड्समधील संशोधकांनी 100 घनमीटर वाळूवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. न जमलेली वाळू धुऊन काढल्यावर आत खडकासारखा भाग उभा राहिला, पण त्याची मजबुती सर्वत्र सारखी नव्हती.

काळ्या मातीत अडचण मुळातच आहे. जिवाणूची लांबी एक-दोन मायक्रोमीटर असते आणि या चिकणमातीतल्या पोकळ्या बहुतेक त्याहून बारीक असतात, त्यामुळे तो आत पसरूच शकत नाही. शिवाय आपला त्रास माती सुटी असण्याचा नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, याचा आहे.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्दही तपासून घ्यावा. या क्रियेत 100 किलो कॅल्साइटमागे सुमारे 107 किलो अमोनियम क्लोराइड तयार होते. कल्हईवाले तापल्या भांड्यावर टाकतात तोच हा नवसागर. तो जमिनीतून धुऊन, गोळा करून त्याची विल्हेवाट लावली नाही, तर विहिरींच्या पाण्यात उतरण्याचा धोका राहतो. युरियाही कारखान्यातच, मोठी ऊर्जा खर्चून तयार होतो.

आपण प्रथम माती परीक्षण करून घ्यावे. अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. ऋतूनुसार ओल बदलत नाही अशा खोलीवर ते टेकवले की वरच्या मातीच्या हालचालीचा घराला फारसा त्रास होत नाही. पायाभोवती रुंद फरसबंदी करावी, छताचे पाणी दूर न्यावे आणि भिंतीलगत मोठे झाड लावू नये.