विहिरीपर्यंत जमिनीखालून केबल: ७२ हजार घालावेत का?

गोराईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरापासून वाडीच्या टोकाला असलेल्या विहिरीपर्यंत ३० मीटर केबल जमिनीखालून न्यायची आहे. तिथे एक एचपीचा पंप, बागेचे सहा दिवे आणि १६ अँपिअरचा एक सॉकेट हवा. एक कोटेशन ७२,००० रुपयांचं आहे, दुसरं २६,००० चं. क्रेडिट कार्डावर १५ टक्क्यांनी १२ हप्ते करावेत की दोन लाखांची एफडी मोडावी, असं त्या विचारतात. महिन्याला आठ हजार शिल्लक पडतात.

ताई, हप्तेही नकोत आणि एफडीलाही हात लावू नका. पण आधी २६ हजारांचं कोटेशन बाजूला ठेवा. त्यात साधी फ्लेक्सिबल वायर पीव्हीसी पाइपात घालून फूटभर खोल पुरायची आहे. ही वायर जमिनीत पुरण्यासाठी नसतेच. पाइपाच्या सांध्यांतून पावसाचं पाणी शिरतं, घुशी कुरतडतात, आळं खणताना कुदळ लागते. मग आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडू लागतो आणि कोणीतरी ‘पाऊस संपेपर्यंत’ म्हणून तो बायपास करतो. ओल्या वाडीत विहिरीजवळ हा जिवाशी खेळ आहे. शिवाय दोष शोधायला तीच खणाई पुन्हा. तेव्हा स्वस्त कोटेशनचा हिशेब दुसऱ्या खणाईसकट करायचा.

७२ हजारांचं काम पद्धतीचं आहे, फक्त फुगलेलं. तुम्ही पाठवलेला तपशील: सहा चौ. मिमी तांब्याची आर्मर्ड (वरून लोखंडी तारांचं कवच असलेली) केबल, ५० मीटर, २०,०००. खणाई, रेती, विटा १८,०००. बोर्ड, आरसीसीबी, ग्लँड (केबलचं टोक घट्ट पकडणारा जोड), अर्थिंग १०,०००. शोभेचे खांब आणि दिवे २४,०००.

केबल ३० मीटरच्या चरात, अधिक दोन्ही टोकांना भिंतीवर चढायला चार-चार मीटर, म्हणजे ३८ मीटर पुरे. जाडीही चार चौ. मिमी बस्स. पंप चालताना सात-आठ अँपिअर ओढेल, तेव्हा एवढ्या अंतरात अडीच-तीन व्होल्टच पडतील. तीन कोअर (आत तीन तारांची) घ्या, तिसरी अर्थसाठी. मीटरला ३०० रुपये धरले तरी ११,४०० होतात. खांब-दिवे पुढच्या वर्षी घ्या; ते जमिनीच्या वर आहेत, कधीही बसवता येतात. जमिनीखाली जे जातं तिथे मात्र काटकसर नको. केबल ७५ सेंटीमीटर खोल, खालीवर मिळून वीतभर रेतीचा थर, त्यावर आडव्या विटा (साधारण ३००) आणि धोक्याची पट्टी. त्याच चरात एक रिकामा पाइप आत दोरी ओवून टाकून ठेवा. पुढे कॅमेऱ्याची वायर न्यायची झाली तर पुन्हा खणायला नको. रेती नदीची घ्या. किनाऱ्यावरची खारी रेती केबलचं लोखंडी आर्मर खाते, आणि गोराईच्या हवेत ते आधीच लवकर गंजतं.

रिकाम्या पाइपाचे २,६०० धरून आकडा ४२,००० वर येतो.

आता पैसे कुठून? जून चालू आहे. भर पावसात चर पाण्याने भरतो, कडा ढासळतात, माती नीट दाबली जात नाही. काम नोव्हेंबरमध्येच करायचं, म्हणजे जुलैपासून पाच महिने हातात आहेत. दर महिन्याला आठ-आठ हजार बाजूला टाकलेत तर ४०,००० तिथेच जमतात. उलट ७२ हजारांच्या हप्त्यांवर सुमारे ६,००० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी: सात हजारांहून जास्त गेले, तेही ज्या कामाला अजून पाच महिने हात लागणार नाही त्यासाठी. तोवर पंपाला उघड्यावरून तात्पुरती वायर ओढू नका.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण मला तीच मोठी वाटते: सातबाऱ्यावर भावाचंही नाव आहे. वाटणीत विहिरीची बाजू त्याच्याकडे गेली तर पुरलेले ४२ हजार त्याच्या जमिनीत. खणण्याआधी विहीर आणि केबलच्या वाटेबद्दल दोघांच्या सहीचा कागद करा. तो तयार नसेल तर काम थांबवा, बचत चालू ठेवा.

काम परवानाधारक कंत्राटदारालाच द्या. घराकडच्या टोकाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि २० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) लागेल. आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमधून अर्थला जोडायचं. पैसे टप्प्याने द्या: ३० टक्के माल आल्यावर, आणि ५० टक्के चर बुजवण्याआधी, टेप लावलेला खोलीचा फोटो आणि मेगरचं (केबलचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं) रीडिंग हातात आल्यावर. नव्या केबलला ५०० व्होल्टच्या मेगरवर शेकडो मेगाओहम दिसायला हवेत. उरलेले २० टक्के पंप चालून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघितल्यावर, जीएसटीच्या पक्क्या बिलावर.