फॅक्टोरियल तोंडपाठ, तरी रिकर्शन कोरं: पहिल्या वर्षाला शिकवताना

मॅडम, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सी ही भाषा शिकवता, रिकर्शनमध्ये (म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं) फॅक्टोरियल (1 पासून दिलेल्या संख्येपर्यंतचा गुणाकार) आणि फिबोनाची (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या) झाले, मुलांनी दोन्ही बिनचूक लिहून दाखवले. चाचणीत मात्र 'दिलेल्या संख्येतल्या अंकांची बेरीज रिकर्शनने करा' असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी जागा कोरी सोडली. वर एकाने विचारलं, "लूपने होतंय की, मग हे कशाला?"

आधी त्या मुलाचं बघू, कारण त्याचं बरोबर आहे. फॅक्टोरियल लूपने तीन ओळींत होतो, मेमरी कमी खातो आणि वाचायलाही सोपा पडतो. हे त्याला वर्गासमोर मोकळेपणाने सांगून टाका. जे उदाहरण रिकर्शनशिवाय जास्त चांगलं सुटतं तेच आपण रिकर्शनची ओळख म्हणून देतो, तेव्हा हुशार मुलाला हा नुसता अभ्यासक्रमातला सोपस्कार वाटतो आणि बाकीची सहा ओळी पाठ करतात. त्यात फॅक्टोरियलची स्वतःची एक कटकट आहेच. बत्तीस बिटांच्या इंटमध्ये (सी मधला पूर्णांकाचा प्रकार) 12 पर्यंत सगळं ठीक असतं, 13 दिलं की 1,93,20,53,504 असं दिसायला अगदी खरं वाटणारं चुकीचं उत्तर येतं. मुलगा या ओव्हरफ्लोचं (आकडा जागेत न मावण्याचं) खापर रिकर्शनवर फोडून मोकळा होतो.

आता कोऱ्या पेपरांबद्दल. ज्याला फॅक्टोरियल येतो त्याला रिकर्शन येतंच असं नाही, कारण फॅक्टोरियल रिकर्शनला लूप समजूनही लिहिता येतो. 'न कमी कमी होत जातो, गुणाकार होत जातो, 1 आला की थांबायचं' एवढीच कल्पना डोक्यात असली तरी कोड बरोबर उतरतं. मुलांच्या डोक्यात नक्की काय आहे ते बघायचं असेल तर पुढचं फंक्शन फळ्यावर लिहा आणि दाखव(3) ला काय छापलं जाईल ते वहीत लिहायला सांगा. चर्चा नाही, शेजाऱ्याशी कुजबुज नाही.

दाखव(न):
 न 0 असेल तर परत फिर
 न छाप
 दाखव(न - 1)
 न छाप

बरोबर उत्तर 3 2 1 1 2 3. पण खरा माल चुकीच्या उत्तरांत असतो. जो 3 2 1 लिहून थांबतो त्याच्या लेखी कॉल म्हणजे उडी: गेलो ते गेलो, परत येऊन पुढची ओळ चालवायची असते हे त्याच्या हिशेबातच नाही. जो 3 2 1 0 0 0 लिहितो त्याला परतणं कळलंय, पण सगळ्या कॉल्समध्ये मिळून एकच न आहे असं तो धरून चाललाय. ही दोन दुखणी वेगळी आणि त्यांचे उपायही वेगळे. हँक काहनी यांनी 1983 मध्ये नवशिक्यांच्या याच गोंधळावर अभ्यास मांडला होता. जाणकार माणूस प्रत्येक कॉलला फंक्शनची वेगळी प्रत उभी राहते असं बघतो, आणि बहुतेक नवशिके रिकर्शनला लूपच समजतात, हे त्यातलं मुख्य निरीक्षण. एवढी वर्षं झाली, वर्गातलं चित्र तेच आहे.

'एकच न' म्हणणाऱ्याला हसू नका, एवढं मात्र सांगेन. फोरट्रान या जुन्या भाषेच्या फोरट्रान 77 या प्रमाणित आवृत्तीत रिकर्शनला परवानगीच नव्हती. त्यामुळे कंपायलर फंक्शनच्या प्रत्येक व्हेरिएबलला मेमरीत एकच कायमची जागा देऊन मोकळा होऊ शकत होता. रिकर्शन अधिकृतपणे आलं ते फोरट्रान 90 मध्ये. म्हणजे तुमचा मुलगा जे यंत्र मनात चालवतोय तसं यंत्र खरोखर होतं, फक्त सी तसं चालत नाही.

यावर मी वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ घेतो. अंकांची बेरीज हेच फंक्शन घ्यायचं:

बेरीज(न):
 न 10 पेक्षा लहान असेल तर न परत दे
 नाहीतर (न % 10) + बेरीज(न / 10) परत दे

न % 10 म्हणजे शेवटचा अंक, न / 10 म्हणजे तो काढून उरलेली संख्या. चार मुलं पुढे बोलवायची. फंक्शनची झेरॉक्स सगळ्यांच्या हातात सारखीच, आणि प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी. पहिलीला 4725 द्यायचं. ती चिठ्ठीवर 'न = 4725' लिहिते, त्याखाली '5 + ?' लिहिते आणि शेजारच्याला फक्त एवढंच विचारते: "472 ची बेरीज किती?" मग गप्प उभी राहते. तो '2 + ?' लिहून 47 पुढे ढकलतो. चौथ्याकडे 4 येतात, तो थेट "4" म्हणतो आणि चिठ्ठी फाडून जागेवर जातो. तिसरा 7 + 4 करून "11" म्हणतो आणि चिठ्ठी फाडतो. मग 13, मग 18. नियम दोनच: दुसऱ्याच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही, आणि विचारलेल्यापेक्षा जास्त बोलायचं नाही.

पहिल्या फेरीत हमखास एक जण तोंडी हिशेब करून मधूनच "अठरा!" ओरडतो. त्याला तिथेच थांबवा, कारण त्याने फंक्शन चालवलं नाही, बाहेरून गणित सोडवलं. चिठ्ठी फाडण्याचा भाग टाळू नका. कॉल संपला की त्याचा न गेला, हे फाटलेला कागद बघून जितकं पटतं तितकं स्टॅकच्या (एकावर एक रचलेल्या अर्धवट कॉल्सच्या) आकृतीने पटत नाही. आकृती नंतर काढा, कोणाची चिठ्ठी कोणावर होती ते विचारत.

हे एकदा, फार तर दोनदा करा आणि सोडून द्या. काही सहकारी प्रत्येक उदाहरण शेवटच्या कॉलपर्यंत ट्रेस करून (ओळीओळीने हाताने चालवून) घेतात. मला ते पटत नाही. ट्रेस करायची सवय लागलेला मुलगा नवं फंक्शन लिहितानाही आत आत शिरत जातो आणि तिसऱ्या पातळीवर हरवतो. लिहिताना एकाच पातळीवर उभं राहता आलं पाहिजे. म्हणून कोडला हात लावण्याआधी मी एक वाक्य लिहून घेतो: 'हे फंक्शन अमुक घेतं आणि तमुक परत देतं.' मग दोनच प्रश्न. सगळ्यात लहान कुठला प्रश्न आहे, ज्याचं उत्तर विचार न करता देता येईल? आणि त्याहून थोड्या लहान प्रश्नाचं उत्तर कोणी आयतं आणून दिलं तर माझं उत्तर कसं करू? तुमच्या चाचणीत मुलं अडली ती याच दुसऱ्या प्रश्नावर. '472 चे 13 होतात हे मी सांगितलं, आता 4725 चे किती?' असं विचारून बघा, सातवीतलं पोरगंही '5 मिळवायचे' म्हणेल. तेच वाक्य म्हणजे फंक्शनची शेवटची ओळ.

आरशात आरसा वगैरे उपमा मी कधीच बंद केल्या. त्यात थांबायची अट नसते आणि परत येणारं उत्तरही नसतं, म्हणजे शिकवायच्या दोन्ही गोष्टी गायब.

आता 'हे कशाला?' याचं खरं उत्तर. त्यासाठी असं उदाहरण हवं, ज्यात लूपने जीव मेटाकुटीला येतो. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी माझं लाडकं उदाहरण लघु-गुरूचं आहे. शाळेत वृत्तं केलेली असतात, यमाताराजभानसलगा अजून आठवत असतं. लघूची मात्रा 1, गुरूच्या 2. प्रश्न: बरोबर 4 मात्रा भरतील अशा लघु-गुरूंच्या सगळ्या रचना छापा. आधी हाताने करू द्या. कोणी चार सांगतं, कोणी पाच, एखादा तीच रचना दोनदा लिहितो. मग विचारा, पहिलं अक्षर काय असू शकतं? लघु घेतलं तर 3 मात्रा उरल्या, गुरू घेतलं तर 2. उरलेल्यांचं काय? पुन्हा तोच प्रश्न, फक्त लहान.

रचना(उरलेल्या, आतापर्यंत):
 उरलेल्या 0 असतील तर आतापर्यंत छाप आणि परत फिर
 रचना(उरलेल्या - 1, आतापर्यंत + "ल")
 उरलेल्या 2 किंवा जास्त असतील तर रचना(उरलेल्या - 2, आतापर्यंत + "ग")

रचना(4, "") चालवलं की लललल, ललग, लगल, गलल, गग अशा पाच ओळी येतात. आता 'लूपने होतंय की' म्हणणाऱ्याला फळ्याजवळ बोलवा आणि 10 मात्रांसाठी लूपने लिहायला सांगा. रचना 89 होतात. नेस्टेड (एकात एक) लूप किती लावायचे हेच त्याला ठरवता येत नाही, कारण रचनेत अक्षरं पाचही असतील आणि दहाही. रिकर्शनशिवाय हे होतच नाही असं नाही, हातानं स्टॅक सांभाळून करता येतं. त्याने ते करून दाखवलं तर शाबासकी द्या आणि सांगा की कंपायलर तुझ्यासाठी हेच करत होता.

याच उदाहरणात बेस केसवर (जिथे रिकर्शन थांबतं त्या सगळ्यात लहान प्रश्नावर) चांगली भांडणं होतात. 0 मात्रांच्या रचना किती? बहुतेक जण शून्य म्हणतात. शून्य धरून रचना मोजायचं फंक्शन लिहू द्या, प्रत्येक संख्येला उत्तर शून्यच येईल. काहीही न लिहिणं ही एक रचना, हे तेव्हा आपोआप गळी उतरतं. आणि 1 पासून पुढे मोजत गेलं की 1, 2, 3, 5, 8 हे आकडे समोर येतात. मग सांगा की मात्रावृत्तांच्या संदर्भात हेच आकडे विरहांक या छंदशास्त्रकाराने आणि नंतर बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने मांडले होते, फिबोनाचीचं पुस्तक 1202 चं. त्या तासाला झोपलेलं कोणी दिसत नाही.

फिबोनाची अभ्यासक्रमात आहे, तो टाळता येणार नाही, पण तो यानंतर घ्या आणि रिकर्शन कुठे महाग पडतं हे दाखवायला घ्या. फंक्शनमध्ये एक ग्लोबल काउंटर टाकून कॉल मोजायला लावा: 5 ला 15 कॉल, 30 ला 26,92,537. हनोईचं (तीन खांबांवर चकत्या हलवायच्या, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, या कोड्याचं) तुम्ही विचारलंय. जरूर घ्या, पण चकत्या हलवण्याच्या नादात मुलं हरवतात, म्हणून 'वरच्या न-1 चकत्या कोणीतरी मधल्या खांबावर ठेवून देतो' या एका वाक्यावर तास धरून ठेवा. 64 चकत्यांची गोष्ट सांगायला पाच मिनिटं पुरतात.

सी मधल्या काही हमखास चुका, म्हणजे प्रॅक्टिकलला तुमचा वेळ वाचेल. कॉलमध्ये न-- (आधी वापर, मग एकने कमी कर) लिहिणं: जुनीच किंमत पुढे जाते, पुढच्या कॉलचा न कधी कमी होत नाही आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम मध्येच मरतो. न * फॅक्ट(--न) (आधी एकने कमी कर, मग वापर) त्याहून वाईट, कारण डावीकडचा न आधी वाचायचा की नंतर हे सी ठरवून देत नाही. बेरीज साठवायला स्टॅटिक (कॉल संपला तरी किंमत टिकवणारा) व्हेरिएबल: पहिल्यांदा उत्तर बरोबर, त्याच प्रोग्राममध्ये दुसऱ्यांदा कॉल केला की आधीची बेरीज त्यात मिसळलेली. बेस केस फक्त 1 ला आणि कोणी 0 दिला, की न उणे होत जातो आणि गाडी थांबत नाही.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे रिटर्न विसरणं. काही मशीनवर योगायोगाने उत्तर बरोबर येतं, कारण आतल्या कॉलने ठेवलेली किंमत त्याच रजिस्टरमध्ये पडून असते. मुलगा "सर, चालतंय" म्हणून वाद घालतो. जीसीसी या सी कंपायलरला 'वॉल' (-Wall) हा पर्याय लावून ठेवा, वॉर्निंग येते. पायथनमध्ये ही चूक लपत नाही, समोर 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) दिसतं किंवा टाइप एरर येतो.

म्हणून पायथन की सी, यावर माझं मत: हातात असेल तर ओळख पायथनमध्ये करून द्या. बेस केस विसरला तर साधारण 1000 कॉल्सवर पायथन स्वतःच थांबतो आणि स्पष्ट एरर देतो, सी मध्ये नुसता प्रोग्राम मरतो. अभ्यासक्रम सी चाच असेल तर पायथन ट्यूटर नावाचं ऑनलाइन साधन सी चे कॉलही एकेक चौकट करून दाखवतं. लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल (असतंच!), तर डीबग करताना कंट्रोल-एफ3 दाबा, कॉल स्टॅक उघडतो. एकदा मुद्दाम बेस केस काढून क्रॅश बघू द्या.

राहिली परीक्षा. 'फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहा' विचारलं की पाठांतर येणार, त्याला इलाज नाही. त्याऐवजी दाखव(न) सारखं फंक्शन देऊन आउटपुट विचारा, किंवा मोडलेलं फंक्शन देऊन कुठल्या इनपुटला अडेल ते विचारा. तोंडी परीक्षेत मुलाने आणलेला प्रोग्राम बाजूला ठेवून 'हे फंक्शन काय परत देतं, एका वाक्यात सांग' एवढंच विचारा. युनिव्हर्सिटीच्या पेपरात फॅक्टोरियल येणारच. तो शेवटच्या आठवड्यात करून घ्या, अर्ध्या तासात होतो.