घास अडकतो, मग सूपच बरं का?

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, वजन कमी करायचं ऑपरेशन झालं आणि आता परत सॉलिड खायला सुरुवात करायचीय, तर ते जमत कसं नाही किंवा जमतंय तर भीती का वाटते. पत्रं बरीच होती, त्यातली ४ घेतलीत. नावं कुणाचीच टाकत नाहीये.

प्रश्न: ताई, माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं, ऑपरेशन होऊन साडेआठ आठवडे झाले. पहिले २ आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, सगळं अगदी कागदावर लिहून दिलं तसंच केलं, काही त्रास नाही. मग डॉक्टर म्हणाले आता सॉलिड सुरू करा. मी पहिल्याच दिवशी चिकन खाल्लं. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध असं काही दाटून आलं की मला वाटलं संपलं सगळं, तोंडाला नुसतं पाणी सुटत होतं, शेवटी बेसिनवर उभं राहून फेसाळ लाळेसारखं काहीतरी बाहेर पडलं तेव्हा जीवात जीव आला. २ दिवसांनी ब्रेड खाल्ला, परत तेच. तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. आता सूप, दही, दुधात बुडवलेली बिस्किटं आणि कधीतरी आईस्क्रीम यावरच आहे, हे सगळं मस्त उतरतं. पण वजन जागचं हलत नाहीये आणि तासाभरात परत भूक लागते. घरचे म्हणतात त्रास होतोय ना, मग कशाला खातेस, सूप पी. माझ्या पोटात काही बिघडलंय का? आणि सूपवरच राहिले तर काय होतं?

उत्तर: तुमच्या पत्रात एक ओळ मला फार महत्त्वाची वाटली, ती म्हणजे बाकी सगळं मस्त उतरतं. पातळ उतरतंय, मऊ उतरतंय, फक्त चिकन आणि ब्रेड अडकले, म्हणजे बहुतेक वाट बंद नाहीये, घास चुकलाय. तरी हे सगळं तुमच्या सर्जनच्या कानावर घालाच, मी पत्र वाचून पोट तपासू शकत नाही.

तो फेस म्हणजे काय ते सांगते, कारण त्यालाच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. घास वर अडकून बसला की शरीर तो खाली सरकवायला लाळ आणि चिकट स्राव सोडत राहतं, त्याला खाली जायला जागा नसते म्हणून ते उलट वर येतं. ही नेहमीची उलटी नाही, त्यात आंबट काही नसतं. ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांना हे एकदा तरी होतं आणि ज्याला होतं त्याला वाटतं आपल्यालाच झालं.

आता मुळात अडकतं का. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. आधीच्या जठराचा वरचा भाग फुग्यासारखा होता, जेवण आलं की तो ताणून जागा करून द्यायचा, तोच भाग आता गेलाय. त्यामुळे पूर्वी १ घास जास्त झाला तर कुणाला कळायचंही नाही, आता तोच घास छातीत येऊन बसतो. शिवाय सुरुवातीला आतून थोडी सूज असते, ती हळूहळू ओसरते, त्यामुळे आज जे गेलं नाही ते महिनाभराने आरामात जाऊ शकतं. एकदा अडकलं म्हणून ते कायमचं बाद करू नका.

आणि खरं सांगू का, तुम्ही परीक्षेला बसलात ती थेट सगळ्यात अवघड पेपरापासून. चिकन हे कोरडं आणि धाग्याधाग्याचं असतं, कितीही चावलं तरी त्याचा चोथा उरतो, त्यातून ते फ्रीजमधलं परत गरम केलेलं असेल तर आणखीनच कोरडं. ब्रेड चावला की त्याचा चिकट गोळा होतो. भाताचंही असंच, तो आत गेल्यावर फुगतो. या सगळ्या गोष्टी शेवटी येतात. आधी मऊसर शिजवलेलं अंडं, काटे काढलेला मासा, छान शिजलेल्या डाळी, पनीर, मग रश्श्यातला खिमा, आणि हे सगळं बिनतक्रार जायला लागलं की चिकन, तेही रसदार, उरलेलं नाही. ब्रेड खायचाच असेल तर पातळ आणि भाजून कडक केलेला, आणि त्याच्या आधी प्रोटीन खाऊन झालेलं असलं पाहिजे.

घास किती मोठा, तर करंगळीच्या नखाएवढा. हसू नका, खरंच एवढाच. चमचा लहान मुलांचा घ्या. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, २० ते २५ वेळा चावायचं, तोंडात त्याची पेजच झाली पाहिजे, आणि गिळल्यावर जरा थांबायचं कारण तो घास पोचल्याचा निरोप मिळायला थोडा वेळ लागतो. आपण सगळे गडबड करतो ती इथेच, मागचा घास अजून वाटेत असतो आणि आपण पुढचा ढकलतो. जेवणाला २० ते ३० मिनिटं द्या, अर्ध्या तासाच्या पुढे मात्र ताणू नका, नाहीतर मग जेवण दिवसभर चालतं.

पोट भरल्याची खूणही आता बदललेली असते. पूर्वीसारखं पोट जड वाटत नाही. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला शिंक येते, कुणाला मोठा सुस्कारा येतो, कुणाला छातीच्या हाडामागे हलकं दडपण जाणवतं. तुमची खूण कुठली ते तुम्हीच शोधायचं. ती आली की ताटात कितीही उरलेलं असो, तिथेच हात थांबवायचा. ताटात टाकायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून एवढं शिकवलेलं असतं ना की त्या शेवटच्या २ घासांनीच अर्धा घोळ होतो. वाढतानाच कमी वाढा.

नवीन पदार्थ एका वेळी एकच, आणि घरी असताना, घाई नसताना. चारचौघांत नको. अडकलंच तर खाणं लगेच बंद करा, वरून पाणी ओतू नका, त्याने घास खाली जात नाही, उलट वर पाण्याचाही भार होतो. उभं राहा, थोडं चाला, बहुतेक वेळा अर्ध्या पाऊण तासात सुटतं. मग तो दिवस पातळ घ्या, दुसऱ्या दिवशी मऊ, आणि परत सॉलिड. तुमचं गणित इथे चुकलं, एका दिवसाची विश्रांती तुम्ही कितीतरी दिवस लांबवलीत.

आता सूपचं. घरच्यांचा सल्ला प्रेमाचा आहे पण चुकीचा आहे. या ऑपरेशनचा फायदा मिळतो तोच मुळी सॉलिड खाण्याने. घट्ट अन्न त्या छोट्या नळीत रेंगाळतं म्हणून थोडक्यात पोट भरतं आणि बराच वेळ भूक लागत नाही. पातळ पदार्थ तिथून सरळ घसरून जातात. दुधात बुडवलेलं बिस्कीट हे खाताना सॉलिड वाटतं पण आत पोचेपर्यंत पातळच झालेलं असतं, आईस्क्रीमचंही तेच, म्हणून तर ते मस्त उतरतं! त्यात साखर आणि फॅट भरपूर, प्रोटीन नावाला. तुम्हाला तासाभरात भूक लागते ती याचमुळे. स्लीव्हनंतर भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंच कमी होतं, कारण ते मुख्यतः जठराच्या काढून टाकलेल्या भागात तयार होतं, मग ही भूक येते कुठून असं लोक विचारतात, तर ती बऱ्याचदा अशी रिकाम्या नळीची असते. वजन थांबल्याचं म्हणाल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत एखादा थांबा बहुतेकांना लागतोच, त्याचा सगळा दोष बिस्किटांना देणार नाही, पण बिस्किटांनी तो हलणारही नाही. साधारण दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात, तुमचा आकडा तुमच्या डाएटिशियनने दिलेला असेल, एक दिवस सगळं लिहून बेरीज करून बघा, मला वाटतं तुम्हीच दचकाल.

घाबरायचं कधी तेही सांगते. २४ तास पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, ताप, पोटात जोरात दुखणं, नाडी खूप जलद, काळी शी, यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. छातीतलं दुखणं खाण्याशी जोडलेलं नसेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल तर ते घासाचं समजून घरी बसू नका. आधी सॉलिड बंद, मग मऊ बंद, मग पातळही जाईना अशी उतरंड लागली असेल तर वाट अरुंद झालेली असू शकते, ते एंडोस्कोपीने बघतात आणि बऱ्याचदा तिथेच फुग्याने रुंद करतात. आणि सतत उलट्या होत असतील तर बी-१ व्हिटॅमिन, म्हणजे थायमिन, काही आठवड्यांतच संपू शकतं. दोनदोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, हे इमर्जन्सीचं काम आहे, डॉक्टरांना स्वतःहून सांगा की इतके दिवस उलट्या आहेत आणि इतक्या आठवड्यांपूर्वी हे ऑपरेशन झालंय.

प्रश्न: माझ्या बायकोचं वजन कमी करायचं बायपास झालंय, हृदयाचं नव्हे, ३ महिने होतील. परवा एका समारंभात तिने गोड खाल्लं, थोडंसंच, १५-२० मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा, जुलाब, आडवंच व्हावं लागलं. आणि एकदा फळांचा रस प्यायल्यावर २ तासांनी हातपाय थरथरायला लागले. दोन्ही एकच का? ती आता गोडाचं नाव काढलं तरी रडकुंडीला येते.

उत्तर: नाव एकच, डंपिंग, पण प्रकार दोन. बायपासमध्ये वर साधारण ३० मिलीची छोटी पिशवी ठेवतात आणि ती थेट आतड्याला जोडतात, जठराच्या खालच्या टोकाशी जो दरवाजा अन्न थोडं थोडं सोडायचा तो आता वाटेतच येत नाही. मग साखर एकदम आतड्यात जाऊन पडते, ती पाणी ओढून घेते, आणि घाम, धडधड, कळा, जुलाब हे सगळं १० ते ३० मिनिटांत सुरू होतं. दुसरा प्रकार १ ते ३ तासांनी येतो, साखर झपकन चढते म्हणून इन्सुलिन जास्त सुटतं आणि मग रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते, थरथर त्याची.

पहिल्यात आडवं होणं हेच बरोबर केलंत, ते थोड्या वेळाने आपलं आपण ओसरतं. दुसऱ्यात जमलं तर त्या क्षणी शुगर मोजा, कमी असेल तर थोडीशी साखर आणि वर काहीतरी प्रोटीनचं द्या, नुसती साखर दिलीत तर पुन्हा तेच चक्र. अशा वेळी तिने गाडी चालवायची नाही. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन अजून चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, ऑपरेशननंतर त्यांचा डोस बदलावा लागतो. एरवी गोड पेयं बंद, फळ खायचं ते चावून, आणि जेवणाची सुरुवात प्रोटीनपासून. आणि तुम्ही तिला "एवढंसं काय होतंय" म्हणत आग्रह केला नव्हतात ना? विचारून ठेवते, कारण अशा समारंभात आग्रह करणारं कुणीतरी असतंच.

प्रश्न: जेवताना पाणी नाही म्हणजे नाहीच का? मला पाण्याशिवाय घास उतरत नाही, आयुष्यभराची सवय आहे.

उत्तर: नाहीच. जेवण झाल्यावर ३० मिनिटं थांबायचं, आणि जेवायच्या आधीही थोडा वेळ नको. एवढ्याशा जागेत एकतर पाणी मावेल नाहीतर अन्न. घास पाण्याशिवाय उतरत नाही याचा अर्थ तो कमी चावलाय किंवा कोरडा आहे, पाणी नको, रस्सा वाढवा. बाकी दिवसभर मात्र घोट घोट करत दीड लिटरच्या पुढे जायचंय. फसफसणारी पेयं नकोत, आत जाऊन गॅस फुगतो तेव्हा कळतं का ते.

प्रश्न: स्लीव्हला ५ महिने झाले. आधी ४ चमच्यांत पोट भरायचं, आता वाटीभर खातोय. जठर परत ताणलं गेलं वाटतं. सगळा खर्च आणि त्रास पाण्यात गेला का? शिवाय केस मूठमूठ गळताहेत.

उत्तर: नाही हो. ५ महिन्यांनी ४ चमच्यांवरच असतात तर मला जास्त काळजी वाटली असती. सूज गेली, जखमा भरल्या, तुम्ही चावायला शिकलात, म्हणून खाणं वाढलंय. वाटीभर काय खाताय ते मात्र बघा. अंडी, डाळ, मासे असं घट्ट काही खाऊन मग मोजा. तेवढ्यात पोट भरत असेल तर जठर आपलं काम करतंय. चिप्सची अख्खी पिशवी संपते हा काही पुरावा नाही, चिप्स तोंडात विरघळतात, त्या सगळ्यांनाच जातात. दिवसभर येता जाता तोंडात काहीतरी टाकायची सवय लागली असेल तर ती मात्र आत्ताच मोडा, जठर न ताणताही वजन परत येतं ते या वाटेने.

केस ३ ते ६ महिन्यांच्या आसपास गळतातच बऱ्याच जणांचे, झपाट्याने वजन उतरल्याचा तो धक्का असतो आणि सहसा ते परत येतात. पण प्रोटीन आणि लोह कमी असेल तर गळती लांबते, म्हणून तपासून घ्या. गोळ्या घेताय ना? मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम या आयुष्यभराच्या आहेत, बरं वाटायला लागलं की सोडायच्या नसतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका, मध्ये २ तास तरी जाऊ द्या. डोकं दुखलं म्हणून घरात असेल ती पेनकिलरही घेऊ नका, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो, बायपासवाल्यांनी तर हात लावू नये, आधी विचारा. आणि पुढच्या फॉलोअपला जाताना आठवडाभर काय काय खाल्लं ते लिहून न्या, चिप्ससकट.