पहिलं मिग वेल्डिंग मशीन: गॅसचं की बिनगॅसचं?

प्रश्न: दादा, घरच्या घरी कुंडीस्टँड, छोटं गेट असलं काहीतरी बनवायचंय, चौकोनी पाइप दीड-दोन एमएमचा. मिग, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन, घ्यावं म्हणतोय, पण जोड हवेपासून वाचवणाऱ्या गॅसच्या सिलिंडरचा खर्च परवडेल का?

उत्तर: सिलिंडर राहू दे सध्या. सिंगल फेजवर चालणारं, गॅस आणि बिनगॅस दोन्ही जमणारं मशीन घे आणि ०.८ एमएमच्या फ्लक्स कोअर वायरवर सुरुवात कर (हिच्या पोटातली पावडर जळून स्वतःच जोड झाकते, वेगळा गॅस लागत नाही), अंगणात वारा असला तरी चालतं, गॅस असता तर उडून गेला असता. ठिणग्या आणि धूर जास्त, स्लॅगही (जोडावर जमणारी कडक खपली) ठोकून काढावा लागतो, ते सोसायचं. घेताना एक बघ, पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी, बदलता येते ना? या फ्लक्स कोअर वायरला टॉर्च (वायर बाहेर सोडणारी हातातली बंदूक) मायनसवर लागतो, साध्या वायरला गॅससोबत प्लसवर. मी पहिल्यांदा उलटं जोडून बसलो आणि दोन दिवस वायरलाच शिव्या घातल्या!