ट्रॅकसाठी स्पोर्ट बाईकचं सस्पेन्शन सेट करायचंय, सुरुवात कुठून करू?

क्लिकरला (सस्पेन्शनच्या बारीक सेटिंगचे स्क्रू) हात लावण्याआधी सॅग मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते. मागचं चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट-सूटसकट, ट्रॅकवर बसता तसंच बसून दुसऱ्याकडून तेच मोजून घ्या. फरक मागे 30 मिमीच्या आसपास, पुढे 30 ते 35 असला की पुरे.

कमी-जास्त असेल तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारा अ‍ॅडजस्टर) फिरवा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होते हा गैरसमज काही जात नाही. बदलते ती बाईकची उंची. पूर्ण पिळूनही सॅग जास्तच येत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. ती बदलाच.

मग रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत वर येणं. सीट जोरात दाबून सोडा: वर येऊन एकदाच थांबली तर ठीक, डुलत राहिली तर डॅम्पिंग (हा वेग आवरणारा अडसर) वाढवा.

कॉम्प्रेशनसाठी, म्हणजे सस्पेन्शन दबण्यासाठी, फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळीला झिपटाय बांधा. सेशननंतर तो थेट तळाला गेलेला दिसला, तर फोर्क ब्रेकिंगमध्ये बॉटम होतोय, म्हणजे पूर्ण दबून तळाला आपटतोय.

एका वेळी एकच बदल, आणि क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजून लिहून ठेवा. टायर प्रेशर मात्र या सगळ्याच्या आधी, नाहीतर दोष भलत्यालाच द्याल.