वडिलांच्या डोक्यातलं रक्त भोक पाडून काढलं (वय ७८, पुणे). पुन्हा साचू नये म्हणून मेंदूच्या आवरणाची धमनी बंद करून घ्यावी का?

डॉक्टर सुचवत असतील तर विचार जरूर करा, धमनी बंद केल्याने पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते. ‘एम्बोलाइज’ चाचणीत ४०० रुग्ण होते, निकाल २०२४ मध्ये आला: नुसतं ऑपरेशन केलेल्यांपैकी ११.३ टक्के जणांना ९० दिवसांत पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, जोडीला धमनीही बंद केली त्यांच्यात ४.१ टक्के. साचलेल्या रक्ताभोवती पापुद्रा धरतो, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्याच झिरपत राहतात. त्यांना रक्त पुरवते हीच मेंदूच्या आवरणाची धमनी. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी तिथवर नेतात आणि काळं, दाट द्रव सोडतात, ते आत घट्ट होऊन बसतं. कवटीला हात लागत नाही. पण अगदीच निर्धोक नाही: त्याच चाचणीत २ टक्के रुग्णांना प्रक्रियेमुळे गंभीर त्रास झाला, दोघांना तर अपंगत्व आणणारा स्ट्रोक. त्यामुळे पुण्यात दुसरं मत घ्याल तेव्हा कॅथलॅबमध्ये (नळी घालून रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या खोलीत) हे काम स्वतः करणाऱ्या डॉक्टरांना गाठा. सोबत सीटी स्कॅनची सीडी न्या (नुसत्या रिपोर्टवर भागत नाही), आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.