वरच्या ढगांवर काम सुरू करण्याआधी

प्रिय,

तुझा आराखडा दोनदा वाचला. सिरस ढग, म्हणजे खूप उंचावरचे बर्फाच्या स्फटिकांचे ढग, विरळ करून पृथ्वीची उष्णता बाहेर सोडायची, या कल्पनेने तुला झपाटलंय हे ओळीओळीत दिसतं. म्हणूनच सविस्तर लिहायला बसलो.

पहिल्या पानावर याला ‘सूर्यप्रकाश परतवण्याचा उपाय’ म्हटलं आहेस, ते खोड. स्थितांबरात कण सोडणं किंवा समुद्रावरचे खालचे ढग उजळवणं, त्यात ऊन अडवायचं असतं. सिरसचं उलट. हे ढग पातळ; ऊन बरंचसं खाली येऊ देतात, पण वर जाणारी अवरक्त उष्णता धरून ठेवतात. एकूण हिशोबात ते पृथ्वी तापवतात. ध्रुवांजवळचा हिवाळा महत्त्वाचा तो याचमुळे: तिथे परतवायला ऊनच नसतं, ढग विरळला की निव्वळ उष्णता निसटते.

मिचेल आणि फिनेगन या संशोधकांनी 2009 मध्ये ही कल्पना मांडली. उणे 38 अंशांच्या खाली बारीक द्रवथेंब आपोआप गोठतात, पण त्यासाठी हवा बर्फाच्या मानाने 140 टक्क्यांहून जास्त बाष्पाने भरलेली लागते. मग असंख्य चिमुकले स्फटिक एकदम तयार होतात आणि बराच वेळ तरंगत राहतात. त्याआधीच बिस्मथ ट्रायआयोडाइडसारखे बीजकण, म्हणजे ज्यांवर बर्फ जमतो असे कण, थोडे पेरले, तर मोजकेच स्फटिक बाष्प खाऊन मोठे होतात आणि लवकर खाली पडतात.

सगळी मेख ‘थोडे’ या शब्दात आहे. बीज जास्त झालं, किंवा तिथे धूळ आधीच हे काम करत असली, तर ढग दाट होतो आणि आपण पृथ्वी तापवून बसतो. 2013 मध्ये झिझो आणि सहकाऱ्यांनी उत्तर व मध्य अमेरिकेवरच्या विमान-मोजमापांतून दाखवलं, की तिथले बहुतेक स्फटिक धूळ आणि धातूच्या कणांवरच जन्मले होते. 2016 मध्ये गास्पारिनी आणि लोमान यांच्या संगणकीय प्रारूपात पेरणीने लक्षणीय थंडावा आलाच नाही. तुझ्या आराखड्यात या दोन्हींचा उल्लेख नाही, याचं मला वाईट वाटलं.

आणखी एक. जुन्या विमान-नोंदींवर डोळे झाकून विसंबू नकोस. मापकाच्या टोकावर आपटून स्फटिक फुटतात आणि एकाचे अनेक मोजले जातात. फुटलेले तुकडे खरे स्फटिक समजून मी दोन वर्षं आलेख काढत होतो.

पेरणीचा विचार तूर्त बाजूला ठेव. पेरणी केली तरी कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच राहणार आहे, समुद्र आम्ल होतच राहणार आहे. या उपायाची घाई कोणालाही परवडणारी नाही. आधी हवेची वर चढण्याची गती बघ. गती मंद असेल तर धुळीचे कण बाष्प आधीच संपवतात, जोरात असेल तर आपोआप गोठण्याची वेळ येते. ध्रुवीय हिवाळ्यात ही गती किती असते, कुठे असते, याच्या नोंदी गोळा कर आणि पहिला आलेख झाला की मला पाठव, कच्चा असला तरी चालेल.

तुझा,
जुना सहकारी